कोकणच्या लोकसंस्कृतीतील होडी

होडी ही कोकण किनाऱ्यावर मासेमारी, खाडीतील ये-जा आणि किरकोळ मालवाहतूक यांसाठी वापरली जाणारी लहान नाव होय. एका ओंडक्यातून कोरलेली डोणी, बाजूला तरंगते लाकूड जोडलेली उलांडीची होडी, काथ्याने फळ्या शिवलेली रापणीची होडी आणि खिळ्यांनी जोडलेली शिडाची होडी हे तिचे प्रमुख पारंपरिक प्रकार आहेत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा महाराष्ट्राचा किनारा आणि त्याला लागून असलेला गोव्याचा किनारा हे तिचे क्षेत्र आहे. कोळी, मांगेला, वैती, गाबीत, खारवी, भंडारी, दालदी आणि ख्रिस्ती मच्छीमार अशा अनेक समाजांचे जीवन या होडीशी निगडित आहे.

होडी हे उपजीविकेचे साधन आहेच, त्याशिवाय ती पूजेची वस्तू, गीत-नृत्याचा विषय, मालमत्तेच्या वाटणीचे एकक आणि मराठी भाषेतील अनेक वाक्प्रचारांचे उगमस्थान आहे. प्राचीन व मध्ययुगीन कलेत प्रामुख्याने मोठी जहाजे आढळतात. लहान होडीची स्मृती मात्र शिल्पापेक्षा विधी, गीत आणि शब्द यांतून टिकून राहिली. लाकडी होडीची जागा फायबरच्या व यांत्रिक नौकांनी घेतल्यानंतर या स्मृतीचा कोणता भाग टिकला आणि कोणता लोपत आहे, हा सागरी लोकसंस्कृतीच्या अभ्यासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

व्युत्पत्ती आणि संज्ञा

संस्कृत कोशांत 'होड' हा शब्द तराफा किंवा नाव या अर्थाने नोंदलेला आहे. तमिळ व मल्याळम भाषांतील 'ओडम्' आणि कन्नड व तुळू भाषांतील 'ओड' हे नाववाचक शब्द त्याच्याशी संबंधित असून, मूळ शब्द द्राविड भाषांतून आला असावा असे भाषाभ्यासक मानतात. 'डोणी' हा शब्द संस्कृत 'द्रोणी' (लाकडी कुंड, पन्हळ) यावरून आला. जनावरांना पाणी पाजण्याच्या लाकडी किंवा दगडी कुंडालाही मराठीत डोणी म्हणतात. कोरीव ओंडक्याची नाव आणि कुंड यांच्या आकारातील साम्य या एकाच शब्दाने जपले आहे.

'सांगड' या शब्दाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. दोन नावा किंवा तरंगते ओंडके एकत्र बांधून केलेल्या जोडनावेला सांगड म्हणतात. 'सांगड घालणे' हा आजच्या मराठीतील नित्याचा वाक्प्रचार याच कृतीवरून आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासवृत्तात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील, ओंडके एकत्र बांधून केलेल्या मोठ्या नावांना 'संगारा' असे म्हटले आहे. या शब्दाचा संबंध संस्कृत 'संघाट' व त्यावरून आलेल्या देशी शब्दांशी जोडला जातो.

नौकानयनाच्या शब्दसंग्रहात अरबी व फारसी शब्दांचाही मोठा वाटा आहे. नावेचा मालक किंवा प्रमुख या अर्थाचा 'नाखवा' हा शब्द फारसी 'नाखुदा'वरून, तर 'खलाशी' हा अरबीतून आला. 'बंदर' हाही फारसी शब्द आहे. नाखवा, तांडेल, सारंग ही पदनामे पुढे किनाऱ्यावरील घराण्यांची आडनावे झाली. होडीच्या पुढच्या निमुळत्या टोकाला 'नाळ' म्हणतात. वल्हे, सुकाणू, शीड, डोलकाठी आणि नांगर हे शब्द किनाऱ्याबाहेरही सर्वपरिचित आहेत.

प्रकार आणि बांधणी

एकलाकडी डोणी

एकलाकडी डोणी हा होडीचा सर्वांत साधा प्रकार आहे. आंब्यासारख्या मोठ्या घेराच्या झाडाचा सरळ बुंधा निवडून कुऱ्हाडीने त्याला बाहेरचा आकार देतात आणि वाकसाने आतील लाकूड कोरून काढतात. तळ जाड व कडा पातळ ठेवल्याने डोणीचे वजन खाली राहते. खाडीत जाळी टाकणे, तिसऱ्या व कालवे गोळा करणे, माणसांना पैलतीरी नेणे अशा कामांसाठी ती वापरली जाई. तिची रुंदी झाडाच्या घेराएवढीच असल्यामुळे उघड्या समुद्रात ती सहज कलंडते. पुढील दोन्ही प्रकार हा दोष दूर करण्याच्या प्रयत्नातून घडले आहेत.

उलांडीची होडी

दक्षिण कोकण, गोवा आणि कारवारच्या किनाऱ्यावर डोणीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्या बांधून त्यांच्या टोकांना होडीशी समांतर असा हलक्या लाकडाचा ओंडका जोडतात. या तरंगत्या ओंडक्याला 'उलांडी' म्हणतात. उलांडी पाण्यावर टेकलेली असल्याने अरुंद होडीलाही स्थैर्य मिळते. यासाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड उपयोगी पडते.

उलांडीची योजना हिंदी आणि प्रशांत महासागरांत दूरवर आढळते. श्रीलंकेतील 'ओरू', पूर्व आफ्रिकेतील 'नगलावा' आणि इंडोनेशियापासून हवाईपर्यंतच्या बेटांवरील नावा ही तिची उदाहरणे आहेत. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ व नौका-अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकांच्या रचनेवरील प्रबंधात या साम्याची चर्चा करून आग्नेय आशियातील दर्यावर्दी लोकांशी आलेल्या प्राचीन संपर्काकडे लक्ष वेधले. हा संपर्क केव्हा आणि कोणत्या मार्गाने घडला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

शिवलेली होडी

डोणीच्या कडांवर फळ्या चढवून होडीची उंची वाढविताना लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याची दोरी वापरण्याची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर फार जुनी आहे. फळ्यांच्या कडांना छिद्रे पाडून त्या काथ्याने शिवतात आणि सांध्यांत काथ्या किंवा कापूस ठासून राळ व तेल लावतात. अशी होडी किंचित लवचीक असते. वाळूच्या किनाऱ्यावर लाटेबरोबर आदळताना ती धक्का सहन करते आणि शिवण सैल झाल्यास ती उसवून पुन्हा शिवता येते. रापणीच्या मोठ्या जाळ्यासाठी वापरली जाणारी उलांडीची होडी याच पद्धतीने बांधली जात असे.

खिळ्यांनी जोडलेली होडी

उत्तर कोकणात रुंद, फळ्यांनी बांधलेल्या आणि शिडाच्या होड्यांचे प्राबल्य होते. उत्तर आणि दक्षिण किनाऱ्यांवरील या फरकामागे भौगोलिक कारणे आहेत. मुंबई, वसई आणि पालघरच्या बाजूला भरती-ओहोटीतील अंतर मोठे, खाड्या चिखलाच्या आणि पाण्याचा ओढा जोराचा असतो. त्या ओढ्याचाच उपयोग करून घेणारे 'डोल' हे पिशवीसारखे जाळे तेथे प्रचलित झाले. हे जाळे खोल पाण्यात रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि त्यासाठी रुंद, भार पेलणारी नाव लागते. सिंधुदुर्ग व गोव्यात भरती-ओहोटीतील अंतर कमी आणि किनारा वाळूचा असल्यामुळे, किनाऱ्यावरून ओढण्याचे रापण जाळे आणि वाळूवरून ढकलत नेता येईल अशी हलकी होडी तेथे रुजली.

लाकूड आणि आज्ञापत्र

होडीसाठी साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा आणि उंडी या झाडांचे लाकूड वापरले जाते. उंडीच्या बियांचे तेल तसेच माशांच्या यकृताचे तेल लाकडाला लावल्याने खारे पाणी आणि लाकूड पोखरणारे जीव यांपासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. नकाशा न काढता, नजरेने आणि हाताच्या मापाने होडी बांधणारे सुतार या परंपरेचे खरे वाहक होते. त्यांचे ज्ञान लिखित स्वरूपात नव्हते. ते कामाच्या ठिकाणीच एका पिढीकडून दुसरीकडे जात असे.

नौकांच्या लाकडासंबंधीचा मराठीतील सर्वांत महत्त्वाचा राजकीय दस्तऐवज म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचे 'आज्ञापत्र' होय. करवीर राज्याच्या छत्रपती दुसऱ्या संभाजींच्या काळातील हा ग्रंथ साधारणतः १७१५ चा मानला जातो. त्यातील आरमारविषयक प्रकरणात सागासारखी जंगली लाकडे परवानगीने तोडावीत असे सांगून आंबा आणि फणस यांच्याविषयी वेगळी आज्ञा दिली आहे. या झाडांचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असले, तरी रयतेने ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ जपून वाढविलेली असतात. म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर धन्याला राजी करून, योग्य मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये, असे त्यात बजावले आहे. जे झाड किनाऱ्यावरच्या सामान्य माणसाला डोणी पुरवीत होते, त्याच झाडावर आरमाराचाही डोळा होता, हे या आज्ञेवरून स्पष्ट होते.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतल्यानंतर आरमाराची उभारणी सुरू केली. 'सभासद बखरी'त या आरमारातील गुराब, तरांडे, तारू, गलबत, शिबाड आणि पगार या नौकाप्रकारांची नावे येतात. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमारी गोदीचे अवशेष आहेत. आरमारावरील खलाशी आणि नावा बांधणारे कारागीर हे बहुतांशी किनाऱ्यावरील मच्छीमार व कारागीर समाजांतून आलेले होते.

रापण आणि वाटणीची पद्धत

रापण ही दक्षिण कोकण व गोव्यातील सामूहिक मासेमारीची पद्धत आहे. लांबलचक जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळाकार वळसा घेत जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा दोर ओढीत जाळे वाळूवर घेतात. बांगडा आणि तारली ही या जाळ्यात सापडणारी प्रमुख मासळी होय.

मिळालेल्या मासळीचे 'वाटे' केले जातात. दोर ओढणाऱ्या माणसांप्रमाणे जाळ्यालाही वाटा असतो आणि होडीलाही. होडीचा वाटा हा व्यवहारात तिच्या मालकाला किंवा तिच्या डागडुजीसाठी जात असला, तरी बोलीभाषेत तो होडीचाच म्हटला जातो. या हिशेबात होडी ही जणू कष्ट करणारी एक घटक ठरते. ऐन वेळी दोराला हात लावणाऱ्यालाही थोडी मासळी देण्याची रीत अनेक गावांत होती. त्यामुळे रापणीची होडी किनाऱ्याला लागणे ही एका कुटुंबाची नव्हे, तर साऱ्या गावाची घटना ठरत असे.

सण आणि विधी

नारळी पौर्णिमा

श्रावण पौर्णिमेला साजरा होणारा हा सण मच्छीमारांच्या वर्षाचा आरंभबिंदू मानला जातो. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या होड्यांची या सुमारास डागडुजी होते, त्यांना तेल व रंग लावला जातो. सणाच्या दिवशी नाळेला हळद-कुंकू लावून हार घालतात, पताका बांधतात आणि वाजतगाजत जाऊन समुद्राला नारळ अर्पण करतात. सोनेरी वेष्टनाने सजविलेला 'सोन्याचा नारळ' हे अनेक कोळीवाड्यांतील मिरवणुकीचे आकर्षण असते. मालवणात या दिवशी नारळ लढविण्याचा खेळ रंगतो. महाराष्ट्र शासनाने यांत्रिक मासेमारीवर घातलेली पावसाळी बंदी साधारणतः १ जून ते ३१ जुलै अशी असल्याने, कायद्याने ठरविलेला हंगाम आणि परंपरेने मानलेला हंगाम यांत बहुधा काही दिवसांचे अंतर राहते. बंदी उठल्यानंतरही नारळ अर्पण केल्यावाचून होडी न लोटणारी कुटुंबे आहेत.

इतर सण

शिमग्यात अनेक कोळीवाड्यांत होड्या सजविल्या जातात. दसरा आणि लक्ष्मीपूजनाला जाळी, वल्ही आणि इंजिन यांचीही पूजा होते. नवी होडी पाण्यात लोटताना पूजा करून नारळ फोडतात. कार्ल्याची एकवीरा ही कोळी समाजाची प्रमुख कुलदेवता असून, चैत्रातील यात्रेला किनाऱ्यावरील हजारो कुटुंबे घाट चढून जातात. देवतांची नावे होडीवर रंगविण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. ख्रिस्ती मच्छीमारांच्या होड्यांवर क्रूस आणि संतांची नावे असतात व धर्मगुरूंकडून होड्यांना आशीर्वाद दिला जातो.

सांगोड आणि दीपनौका

गोव्यात २९ जून रोजी संत पीटर व संत पॉल यांच्या सणाला, विशेषतः बार्देश तालुक्यातील नदीकाठच्या गावांत 'सांगोड' साजरा होतो. दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर तरंगता रंगमंच उभारतात आणि त्यावर गीत-नाट्य सादर होते. कुंभारजुवे येथे गणेशविसर्जनाच्या वेळी अशाच जोडनावांवर देखावे उभारून सांगोडोत्सव करतात. एकाच शब्दाने ओळखली जाणारी ही दोन रूपे दोन धर्मांच्या लोकांनी एकाच नौकाविद्येतून घडविली आहेत.

साखळीजवळच्या विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत दिव्यांनी उजळलेल्या, हाताने बनविलेल्या लहान नौका सोडतात. या उत्सवाला आता नौकाकृतींच्या स्पर्धेचे स्वरूप आले असून, नौकेची प्रतिकृती घडविणे ही तेथील एक जिवंत लोककला झाली आहे.

कलेतील चित्रण

शिल्प आणि चित्र

सातवाहन राजांच्या, विशेषतः यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज दाखविले आहे. ही नाणी प्रामुख्याने पूर्व किनाऱ्यावरील आहेत. अजिंठ्याच्या लेणे क्र. २ मधील भित्तिचित्रात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. कान्हेरी येथील लेणे क्र. ९० आणि औरंगाबाद येथील लेणे क्र. ७ यांत संकटांतून तारणाऱ्या अवलोकितेश्वराचे शिल्पपट असून, त्यांतील एक संकट नौका बुडण्याचे आहे. समुद्रप्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा या लेण्यांना मोठा आश्रय होता, याची ही शिल्पे साक्ष देतात.

मुंबईत बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळ हे नौकायुद्धाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक शिल्पांकन आहे. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका, युद्ध आणि वीरगतीनंतर स्वर्गात पोहोचलेले योद्धे असे पट एकावर एक कोरले आहेत. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या युद्धाशी त्यांचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. काहींच्या मते ते त्याआधीच्या संघर्षाचे आहेत. वल्ही मारणारे हात येथे शिल्पित झाले असले, तरी ते राजाच्या युद्धासाठी. मासे पकडणाऱ्या होडीला राजाश्रयातील कलेत असे स्थान मिळाले नाही.

वारली चित्रकला

सामान्य माणसाची मासेमारी चित्रात आली ती प्रामुख्याने आदिवासी कलेतून. डहाणू-तलासरी परिसरातील वारली चित्रकलेत शेती, शिकार आणि लग्नचौक यांच्याबरोबर मासेमारीचेही प्रसंग येतात. जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी मासेमारीच्या जाळ्याचा विषय अनेकदा हाताळला. त्यांच्या या चित्रांत बारीक रेषांनी विणलेले जाळे जवळजवळ सारा कागद व्यापते आणि माणूस त्यामानाने अगदी लहान दिसतो. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

लोकगीत, नृत्य आणि भाषा

वल्हे मारताना, नांगर ओढताना आणि रापणीचा दोर खेचताना म्हटली जाणारी गीते ही मूलतः श्रमगीते आहेत. एकाने ओळ म्हणायची आणि इतरांनी तिला साथ द्यायची, अशी त्यांची रचना असते. त्यामुळे सर्वांचा जोर एकाच क्षणी लागतो. कोळी नृत्यात पुरुष वल्हे मारण्याच्या आणि स्त्रिया टोपल्या वाहण्याच्या हालचाली करतात. प्रत्यक्ष समुद्र न पाहिलेल्या घाटमाथ्यावरील विद्यार्थ्यांनाही शाळेच्या स्नेहसंमेलनातील कोळी नृत्यामुळे या हालचाली परिचित असतात.

विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिका व आकाशवाणीमुळे कोळीगीते महाराष्ट्रभर पोहोचली. शान्ता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलेली कोळीगीते विशेष लोकप्रिय झाली. त्यांपैकी 'मी डोलकर' हे गीत लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायिले आहे. 'डोलकर' हा शब्द लाटांवर डोलण्यावरून आला असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः डोल जाळ्याने मासेमारी करणारा तो डोलकर.

संतसाहित्यात संसाराला भवसागर, गुरूला नावाडी आणि नामाला तारू म्हणण्याची परंपरा आहे. नित्याच्या बोलण्यात सुकाणू हाती घेणे, नांगर टाकणे, पैलतीर गाठणे, सांगड घालणे हे वाक्प्रचार समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणारी माणसेही वापरतात.

घाटमाथा आणि कोल्हापूर

कोल्हापूर हे किनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस असले, तरी त्याचा समुद्राशी संबंध प्राचीन आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष मिळाले. तेथे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. ब्रह्मपुरी येथे सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे आणि घाटवाटा यांच्यामार्गे होणाऱ्या व्यापाराचा ती पुरावा मानली जाते.

मराठेशाहीच्या उत्तरकाळात मालवण आणि सिंधुदुर्ग करवीर राज्याकडे होते व राज्याचे स्वतःचे आरमार होते. १८१२ च्या तहाने हा भाग ब्रिटिशांकडे गेला आणि कोल्हापूरचा समुद्रावरील राजकीय अधिकार संपुष्टात आला. फोंडा, गगनबावडा व अणुस्कुरा या घाटांतून होणारी मिठाची, सुक्या मासळीची आणि गुळाची देवघेव मात्र पुढेही चालू राहिली.

नदीकाठच्या गावांत होडीचे स्थान वेगळे आहे. कृष्णा व पंचगंगेच्या काठी पूल होण्यापूर्वी नाव हेच पैलतीरी जाण्याचे साधन होते. सांगली परिसरात कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात आणि त्यांत गावोगावच्या मंडळांचे संघ उतरतात. पुराच्या काळात गूळ तयार करण्याची मोठी काहील नावेसारखी वापरून पाणी ओलांडल्याची उदाहरणेही या भागात आढळतात.

स्थित्यंतर

१९५० च्या दशकापासून मासेमारीच्या यांत्रिकीकरणाला शासकीय प्रोत्साहन मिळाले. पुढे ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या नौका वाढल्या आणि किनाऱ्यालगतच्या मासळीवर अवलंबून असलेल्या रापणकारांशी त्यांचा संघर्ष सुरू झाला. गोव्यात १९७० च्या दशकात रापणकारांनी मोठे आंदोलन केले. मातान्ही साल्ढाणा हे त्याचे प्रमुख नेते होते. गोव्यात १९८० मध्ये आणि महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदे झाले व किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर अधिक निर्बंध घातले. तरीही मालवण परिसरात पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांमधील वाद पुन्हा पुन्हा उद्भवतो.

दरम्यान होडीचे स्वरूपही पालटले. मोठ्या घेराची झाडे दुर्मीळ व महाग झाली. फायबरची नौका वजनाने हलकी असते, तिला दरवर्षी तेल लावावे लागत नाही आणि तिच्यावर बाहेरून इंजिन बसविता येते. त्यामुळे मच्छीमारांनी तिचा स्वीकार केला, हे स्वाभाविक होते. आज किनाऱ्यावर दिसणाऱ्या लहान नौकांपैकी बऱ्याच फायबरच्या आहेत.

या बदलात विधी जवळजवळ जसेच्या तसे टिकले. फायबरच्या नाळेलाही हळद-कुंकू लागते, तिच्यावरही कुलदेवतेचे नाव रंगविले जाते आणि तिलाही वाटा मिळतो. पूजा लाकडाची नव्हती, माणसांना नेऊन परत आणणाऱ्या नावेची होती, असा त्याचा अर्थ लावता येतो. याउलट बांधणीचे ज्ञान वेगाने लोपत आहे. कोणत्या झाडाचा कोणता भाग निवडावा, वाकस किती खोल चालवावा, काथ्याची शिवण किती घट्ट ठेवावी, हे हाताला ठाऊक असलेले कारागीर वृद्ध झाले आहेत आणि साच्यातून निघणाऱ्या नौकेला त्यांची गरज उरलेली नाही. होडीच्या अवयवांची स्थानिक नावेही त्यांच्याबरोबरच विस्मरणात जात आहेत. श्रमगीतांचीही हीच स्थिती आहे. इंजिनाला ताल लागत नसल्याने ती समुद्रावरून उतरून रंगमंचावर आली.

जतनाचे प्रयत्न

शिवलेल्या नौकेच्या परंपरेला अलीकडे पुन्हा उजाळा मिळाला आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील 'होडी इनोव्हेशन्स' या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या करारानुसार, अजिंठ्यातील जहाजाच्या चित्रावरून काथ्याने फळ्या शिवलेली शिडाची नौका बांधण्यात आली. केरळमधील पारंपरिक कारागिरांनी तिची शिवण केली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावाने ती नौदलात दाखल झाली. या प्रकल्पात चित्राला आधार होता तो मोठ्या जहाजाचा. शिवण जाणणारे हात मात्र किनाऱ्यावरील लहान नावांच्या परंपरेने टिकवून ठेवलेले होते.

जगात इतरत्रही असे प्रयत्न झाले आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैडा या मूलनिवासी समाजातील कलावंत बिल रीड यांनी १९८६ मध्ये एकाच देवदाराच्या ओंडक्यातून 'लूटास' ही नाव घडविली आणि तिने त्या समाजातील नौकाबांधणीला नवी चालना दिली. हवाई बेटांवरील 'होकुलेआ' या जोडनावेने १९७६ मध्ये आधुनिक उपकरणांशिवाय ताहितीपर्यंत प्रवास केला. केरळात गावांच्या मालकीच्या सर्पनौकांची शर्यत १९५२ पासून नेहरू करंडकासाठी होते आणि त्यामुळे त्या नावा बांधणाऱ्या सुतारांना आजही काम मिळते. या तिन्ही उदाहरणांत नाव संग्रहालयात न ठेवता पाण्यावर ठेवली गेली.

कोकणात सण, शर्यती आणि रापण संघ यांच्या रूपाने अशा जतनासाठी आवश्यक असलेला सामाजिक आधार अस्तित्वात आहे. हयात कारागिरांकडून होड्यांची मापे, अवयवांची नावे, लाकडाच्या निवडीचे नियम आणि श्रमगीते नोंदवून घेणे हे या क्षेत्रातील निकडीचे काम आहे.

हे सुद्धा पहा

कोळी समाज
गाबीत
नारळी पौर्णिमा
मराठा आरमार
आज्ञापत्र
एकसर वीरगळ
रापण
वारली चित्रकला
ब्रह्मपुरी (कोल्हापूर)